नगरच्या वास्तू, जुने चर्च आणि कॅमेरा

नगरची छायाचित्रे म्हटली की ठरावीक चार-पाच दृश्ये डोळ्यांसमोर येतात. भुईकोट किल्ल्याचा खंदक, शहा डोंगरावरचा चांदबीबी महाल, कोरड्या तळ्याच्या मध्यभागी उभा असलेला फराहबाग आणि फार झाले तर दमडी मशिदीची नक्षीदार कमान. दिनदर्शिकांपासून हॉटेलांच्या भिंतींपर्यंत याच वास्तू, बहुधा त्याच कोनांतून, पुन्हा पुन्हा भेटत राहतात. त्यांत गैर काही नाही. सोळाव्या शतकातील निजामशाहीचे हे वैभव पाहण्याजोगे आहे आणि टिपण्याजोगेही. परंतु याच शहरात आणि जिल्ह्यात दगड-विटांचा आणखी एक थर आहे, ज्याच्याकडे कॅमेरा क्वचितच वळतो. तो म्हणजे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत उभ्या राहिलेल्या मिशनच्या इमारती, शाळा, दफनभूमी आणि अर्थातच जुनी चर्चे.

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यात सुटीच्या दिवशी गेलो, तर गळ्यात कॅमेरा अडकवून चर्चच्या आवारात फिरणारा एखादा गृहस्थ हमखास दिसतो. गावचे चर्च, जुना पूल, चौकातील पाण्याचा हौद, युद्धस्मारक यांची छायाचित्रे घेणे हा तेथे शंभरहून अधिक वर्षांचा शिरस्ता आहे. त्याला शिस्त लावण्याचे श्रेय बर्मिंगहॅमचे खासदार सर बेंजामिन स्टोन यांना जाते. गावोगावच्या हौशी छायाचित्रकारांनी आपल्या परिसरातील वास्तू, जत्रा आणि चालीरीती टिपाव्यात आणि ती चित्रे एके ठिकाणी जमा व्हावीत, या हेतूने त्यांनी 1897 मध्ये एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. चित्र न फिकटणाऱ्या छपाईपद्धतीत छापलेले असावे आणि सोबत स्थळाची माहिती असावी, असा आग्रह होता. 1910 मध्ये संघटना विसर्जित झाली, तोवर पाच हजारांहून अधिक छायाचित्रे ब्रिटिश म्युझियमकडे जमा झाली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर 1940 मध्ये, जर्मन बॉम्बफेकीत कॉव्हेंट्रीचे मध्ययुगीन कॅथीड्रल बेचिराख झाले. उद्या कोणती इमारत उभी असेल याची शाश्वती उरली नाही, तेव्हा 1941 मध्ये जुन्या वास्तूंची छायाचित्रे आणि आराखडे जमवणारी एक राष्ट्रीय नोंदसंस्था घाईघाईने उभारण्यात आली. त्या संस्थेला पायाभूत साहित्य कोठून मिळाले? बरेचसे अशाच हौशी मंडळींच्या पेट्यांतून.

आपल्याकडे बॉम्ब पडत नाहीत; पण पत्रे पडतात, कौले उतरतात, काळ्या दगडावर ऑइलपेंट चढतो, लाकडी झडपांच्या जागी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात, फरशीवर चकचकीत टाइल्स बसतात. हे बदल करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. चर्च हे तेथील मंडळीचे उपासनास्थान आहे, वस्तुसंग्रहालय नव्हे. गळके छप्पर दुरुस्त करायचे की जुन्या कौलांचे सौंदर्य जपायचे, हा निर्णय पावसात भिजणाऱ्यांचाच. मात्र बदलापूर्वी वास्तू कशी होती याचे एक नीटस चित्र असावे, एवढी अपेक्षा करता येते. आणि ते काम बाहेरून आलेल्या नामवंत छायाचित्रकारापेक्षा त्याच गावचा, मोबाइल हाती असलेला माणूस अधिक चांगले करू शकतो.

हे चर्च टिपण्याजोगे का, हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास सांगावा लागेल. अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी डिसेंबर 1831 मध्ये नगरला येऊन राहिले. त्यांच्यासोबत बाबाजी नावाचे ख्रिस्ती झालेले एक ब्राह्मण गृहस्थ होते; त्यांच्यावर हॉलिस रीड यांनी लिहिलेले चरित्र 1836 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी विल्यम हर्वे यांचा अवघ्या काही महिन्यांत, 1832 च्या उन्हाळ्यात, पटकीने बळी घेतला. तरीही काम थांबले नाही. 1833 मध्ये नगरची पहिली मंडळी संघटित झाली. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरहूनच निघू लागले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याचे स्थान फार वरचे आहे. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिकेने 1839 पासून 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच फरारबाईंच्या शाळेत, असे सांगितले जाते. मुंबईत जन्मलेले रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम 1874 पासून पन्नासहून अधिक वर्षे नगरशी जोडलेले राहिले; 1878 मध्ये त्यांनी येथे धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू केले आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळातील मदतकार्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चच्या नावात हे घराणे अजून वावरते आहे.

आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तर मराठी वाचकाला परके नाहीतच. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांच्या आयुष्याचा मोठा काळ नगर आणि राहुरी येथे गेला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ते दिवस आहेत. बालकवी ठोमरे काही काळ नगरला टिळकांच्याच घरी होते. टाळ, मृदंग आणि पेटीच्या साथीने जी ख्रिस्ती भजने जिल्ह्यातील चर्चांमधून आजही गायली जातात, त्यांत टिळकांचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे नगरचे जुने चर्च हे इंग्लंडातील चर्चची नक्कल नव्हे. कमान टोकदार असेल, पण आत सतरंजीवर मांडी घालून बसलेली माणसे अभंगाच्या चालीवर गात असतात. छायाचित्रात नेमके हेच यायला हवे. नुसता मनोरा आणि निळे आकाश एवढेच आले, तर ते चित्र नगरचे की यॉर्कशायरचे, हे कळायला मार्ग उरत नाही.

आता प्रत्यक्ष तंत्राकडे वळू. सर्वांत मोठा फरक उन्हाचा. वास्तूंच्या छायाचित्रणावरची इंग्रजी पुस्तके 'ऊन पडण्याची वाट पाहा' असे सांगतात, कारण त्यांच्याकडे ते दुर्मीळ आणि तिरपे असते. दक्षिण इंग्लंडात डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंशांवर येतो. दिवसभर भिंतींवर बाजूने प्रकाश पडत राहतो. नगर साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य सुमारे 47 अंश वर असतो, तर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तो अगदी डोक्यावर येतो. अशा वेळी घेतलेल्या चित्रात कमानींच्या खाली काळेकुट्ट खड्डे आणि वर पांढरा झगझगाट एवढेच उरते. आपल्याकडचा नियम उलटा: ऊन उतरण्याची वाट पाहा.

कोणत्या भिंतीवर कधी प्रकाश येतो, हे आधी ठरवून घ्यावे. युरोपीय परंपरेत चर्चची वेदी पूर्वेकडे आणि मुख्य दार पश्चिमेकडे असते. परंतु अमेरिकन मिशनऱ्यांनी हा दंडक सर्वत्र पाळलाच असे नाही. जागा जशी मिळाली, रस्ता जिकडे होता, तशी इमारत बांधली गेली. म्हणून मोबाइलमधील होकायंत्र काढून दिशा पाहणे उत्तम. दर्शनी भिंत पश्चिमेकडे असेल, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात दुपारी चारनंतरची वेळ साधावी. तेव्हा सूर्य नैर्ऋत्येकडे असतो, प्रकाश भिंतीवर समोरून न आदळता घासत जातो आणि घडीव दगडाची प्रत्येक कड उठून दिसते. उत्तरेकडच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन मिळतच नाही. तिला एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास गाठावे. त्यानंतर पावसाळी ढग येतात आणि सूर्याचा भरवसा उरत नाही.

हेच गणित निजामशाही वास्तूंनाही लागू पडते. 1567 च्या दमडी मशिदीचे उदाहरण घ्या. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी देऊन ती उभारली, अशी आख्यायिका आहे. मशीद आकाराने लहान. सारे वैभव दगडावरील बारीक कोरीवकामात. ते कोरीवकाम समोरच्या सपाट प्रकाशात दिसत नाही, तिरप्या प्रकाशातच दिसते. याउलट फराहबागेचे सौंदर्य नक्षीत नाही, आकारमानात आणि एकाकीपणात आहे. 1583 च्या सुमारास सलाबतखानाने पूर्ण केलेला हा महाल जवळून टिपला की पडझड तेवढी दिसते. मागे सरकून, सभोवतालच्या रिकाम्या तळ्यासह तो चौकटीत घेतला, की पाणी असताना तो कसा दिसत असेल याचा अंदाज येतो. चांदबीबी महाल हा चांदबीबीचा नव्हे, तर याच सलाबतखानाचा मकबरा, हे नगरकरांना ठाऊक असते. बाहेरच्यांसाठी चित्राखालच्या ओळीत ते लिहायला हवे. तीन मजल्यांची ही अष्टकोनी इमारत डोंगरमाथ्यावर असल्याने तिला कोणत्याही वेळी कोणत्या ना कोणत्या बाजूने चांगला प्रकाश मिळतो. छायाचित्रकारावर एवढी कृपा करणारी वास्तू विरळाच.

काळ्या दगडाची एक अडचण आहे. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे, असे कॅमेरा गृहीत धरतो. त्यामुळे चौकट काळ्या बेसॉल्टने भरलेली असली, की यंत्र स्वतःहून प्रकाश वाढवते आणि दगड राखाडी, धुरकट होतो. आकाश तर पांढरेफटक. उपाय साधा आहे. मोबाइलच्या पडद्यावर भिंतीला बोट लावून, बाजूला दिसणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढावी. मोठा कॅमेरा असेल, तर प्रकाशमापन अर्ध्या ते एका टप्प्याने कमी करावे. दगड काळा दिसला तरच तो नगरचा दिसतो.

उंच इमारतीचे चित्र घेताना मान वर करून कॅमेरा तिरपा केला, की मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो आणि भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात. हा दोष पुसण्याची सोय आता मोबाइलमध्येही असते, पण ओढूनताणून सरळ केलेल्या चित्रात इमारतीची प्रमाणे बिघडतात. त्यापेक्षा कॅमेरा जमिनीला समांतर धरावा आणि शक्य तितके मागे जावे; समोरच्या घराच्या गच्चीवरून, इमारतीच्या निम्म्या उंचीवरून चित्र घेता आले तर फारच छान. यासाठी समोरच्या घरी चहा घ्यावा लागतो, बोलावे लागते, आणि त्या बोलण्यात इमारतीबद्दल जे कळते ते गॅझेटियरात सापडत नाही. मोबाइलची अतिरुंद भिंग-सोय मात्र टाळावी. तिने सारे काही चौकटीत मावते खरे, पण छोटे चर्च कॅथीड्रलएवढे वाटू लागते.

आतले छायाचित्रण हा वेगळाच विषय. भर दुपारी आत अंधार आणि खिडक्यांतून झोत, अशी स्थिती असते. डोळा दोन्ही सांभाळतो, कॅमेरा एकच सांभाळतो. रंगीत काचा असतील तर पावसाळ्यातील ढगाळ दिवस निवडावा. तेव्हा बाहेरचा प्रकाश मवाळ असतो, काचांचे रंग टिकतात आणि आतील लाकूडकामही दिसते. फ्लॅश वापरू नये. तो काचेचा रंग मारतो, तैलरंगाच्या भिंतीवर पांढरा डाग उमटवतो आणि प्रार्थनेसाठी बसलेल्या माणसाला त्रास देतो. तिपाई असेल तर कॅमेरा स्थिर ठेवून कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाची तीन चित्रे घ्यावीत. नसेल तर बाकाच्या पाठीवर मोबाइल टेकवावा; बाके त्यासाठीही उपयोगी पडतात.

वेदी, व्यासपीठ आणि छताच्या कैच्या सगळेच टिपतात. ज्या गोष्टी सहसा सुटतात, त्या अशा: दाराची बिजागरी आणि कडीकोयंडा, बाकांवर कोरलेली नावे, उपासनेत गायच्या गीतांचे क्रमांक लावण्याची लाकडी पाटी, घंटेचा दोर, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, कोनशिला. पुढील नूतनीकरणात सर्वप्रथम नाहीशा होतात त्या याच. कोनशिलेवरील आणि थडग्यांवरील अक्षरे झिजलेली असतात, म्हणून काही जण त्यांत खडू, पीठ किंवा पाणी भरतात. हे अजिबात करू नये. दगडाची इजा कायमची असते. संध्याकाळी अंधार पडताना एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून, साध्या विजेरीचा प्रकाश टाकावा. दिवसा डोळ्यांना न दिसणारे अक्षरही सावलीमुळे उमटते. मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर असतील तर दोन्ही टिपावेत. ते नेहमी एकमेकांचे भाषांतर असतातच असे नाही.

परवानगीचा मुद्दा नगरच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा, कारण शहराला मोठी लष्करी छावणी लागून आहे. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ऑगस्ट 1942 पासून पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर नेते येथे स्थानबद्ध होते आणि 1944 मध्ये नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच लिहिले. तरीही पाहुण्यांनी प्रवेशद्वारावरील सूचना वाचाव्यात आणि पहारेकऱ्याला विचारूनच कॅमेरा बाहेर काढावा. ड्रोन तर छावणीच्या परिसरात परवान्याविना उडवण्याचा विचारही करू नये. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक स्मारकांत 2018 पासून साध्या छायाचित्रणाला मोकळीक आहे. मात्र तिपाई लावायची तर आगाऊ परवानगी घ्यावी लागते. चर्चच्या बाबतीत पाळकांना आणि मंडळीच्या पंचांना भेटणे हीच परवानगी. रविवारी सकाळची उपासना चालू असताना मधल्या वाटेवरून मागे-पुढे करणे असभ्यपणाचे. उपासना संपल्यावर अंगणात गप्पा मारत उभी राहिलेली माणसे मात्र, विचारून, अवश्य टिपावीत. त्यांच्या पोशाखावरून आणि उंचीवरून वास्तूचे आकारमानही कळते.

शहराबाहेर पडलो, तर जिल्ह्यात चित्रांसाठी दोन अगदी भिन्न ठिकाणे आहेत. नेवासे तालुक्यातील वडाळा बहिरोबा येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनचे केंद्र सुरू झाले. तेथील रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक हे धर्मोपदेशक आणि पक्षिनिरीक्षकही. दक्षिण भारतातील डोंगरांत आढळणाऱ्या एका कस्तुरवर्गीय पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे आडनाव आहे. अशा गावात शांतपणे, तासन्‌तास एका भिंतीवरचे ऊन सरकताना पाहता येते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावचे चित्र पूर्ण वेगळे. तेथील संत तेरेजा चर्चची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरमध्ये, मारियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास भरते आणि राज्यभरातून भाविक येतात. पाळणे, फुलांच्या माळा, मेणबत्त्या, पोळ्या भाजणाऱ्या बाया. येथे वास्तू टिपायला गेलेला माणूस गर्दीच टिपून परततो, आणि ते योग्यच. पण इमारतच हवी असेल तर यात्रेनंतर पंधरा दिवसांनी पुन्हा जावे आणि त्याच जागेवर उभे राहून दुसरे चित्र घ्यावे. दोन्ही शेजारी ठेवली की कळते, चर्चचे आवार वर्षातले दोन दिवस कशासाठी एवढे मोठे राखले आहे.

शेवटी नोंदीचे काम, जे सर्वांनाच कंटाळवाणे वाटते. मोबाइल तारीख आणि वेळ आपोआप नोंदवतो, पण भिंत कोणत्या दिशेची, पाटीवरचे गृहस्थ कोण, छप्पर कोणत्या वर्षी बदलले, हे त्याला कळत नाही. ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या चित्राचा आकार बहुधा लहान होतो आणि सोबतची माहितीही गळून पडते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी. निवडक वीस चित्रे चांगल्या कागदावर छापून घ्यावीत, मागे पेन्सिलीने मजकूर लिहावा, एक संच मंडळीकडे द्यावा आणि एक शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाकडे.

पाट्यांचे तर लगेच करावे. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, आणि शाळा, दवाखाने, बसथांबे, चर्च यांच्या दारांवरील 'अहमदनगर' हे शब्द एकेक करून रंगाखाली जात आहेत. नाव कोणाला आवडो वा न आवडो, शंभर वर्षे जुन्या लोखंडी पाटीवरील वळणदार देवनागरी अक्षरे टिपून ठेवायला एक मिनिट लागते. सकाळी आठपूर्वी गेले तर समोर गाड्याही उभ्या नसतात.